पन्नाशीत नोकरी सोडताय? पीएफ, ईपीएस पेन्शन आणि मधली आठ वर्षं

खासगी नोकरीतून पन्नाशीच्या पुढेमागे बाहेर पडायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "पेन्शन आत्ताच सुरू करू, की ५८ची वाट बघू?" प्रश्न योग्यच आहे, फक्त तो पहिला नाही. ईपीएसची, म्हणजे पीएफसोबत चालणाऱ्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पूर्ण पेन्शन ५८व्या वर्षी मिळते. ती एकदा लवकर सुरू केली की कमी झालेली रक्कम आयुष्यभर कमीच राहते. नंतर "चुकलं, आता ५८ला घेते" असं म्हणायची सोय नाही. म्हणून मी ५३व्या वर्षी नोकरी सोडताना एकच शिस्त पाळली. जे नंतर दुरुस्त करता येतं ते आधी उरकायचं आणि जे कधीच बदलता येत नाही ते सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

ज्यांच्या पगारातून पीएफ कापला जातो अशा खासगी कंपनीतल्या लोकांसाठी हे लिहिलं आहे. सरकारी पेन्शनचे नियम वेगळे.

पायरी १ : पासबुक उघडा आणि तिसरा रकाना बघा

राजीनाम्याचा विचार मनात आला त्याच आठवड्यात यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) टाकून पीएफचं पासबुक डाउनलोड करा. त्यात दर महिन्याच्या ओळीत तीन आकडे दिसतील: तुमचा हिस्सा, कंपनीचा हिस्सा आणि पेन्शनचा हिस्सा. तुमच्या बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुम्ही भरता, तेवढेच कंपनी भरते. पण कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएस १९९५मध्ये वळतात. तेही पूर्ण पगारावर नाही, तर ठरलेल्या मर्यादेवर. सप्टेंबर २०१४पासून ही मर्यादा १५,००० रुपये आहे, म्हणून तिसऱ्या रकान्यात १,२५० दिसतात. जून २००१ ते ऑगस्ट २०१४च्या महिन्यांत ५४१ दिसतील, कारण तेव्हा मर्यादा ६,५०० होती.

इथे एक मोठा गैरसमज आहे. तिसऱ्या रकान्याची बेरीज म्हणजे "माझे पेन्शनचे जमलेले पैसे" असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पीएफमधले पैसे तुमच्या नावावर साठतात आणि त्यावर व्याज मिळतं. पेन्शनचा हिस्सा मात्र एका सामायिक निधीत जातो आणि तुम्हाला त्यातून सूत्राने ठरलेली पेन्शन मिळते. जमा किती झालं याचा पेन्शनच्या रकमेशी थेट संबंध नसतो.

सूत्र असं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, पण मर्यादेपर्यंतच. यातली खरी मेख तारखेची आहे. १ सप्टेंबर २०१४च्या आधीच्या सेवेला जास्तीत जास्त ६,५०० आणि नंतरच्या सेवेला जास्तीत जास्त १५,००० धरतात.

समजा कोणी सप्टेंबर १९९९मध्ये, २७व्या वर्षी नोकरीला लागलं आणि ऑगस्ट २०२५मध्ये बाहेर पडलं. एकूण सेवा २६ वर्षं. ऑनलाइन मिळणारे अनेक कॅल्क्युलेटर सरसकट १५,००० गुणिले २६ भागिले ७० करून ५,५७१ रुपये दाखवतात. प्रत्यक्षात आधीच्या १५ वर्षांचे १,३९३ आणि नंतरच्या ११ वर्षांचे २,३५७ असे मिळून ३,७५० होतात. म्हणजे अपेक्षेच्या दोन-तृतीयांश. वीस वर्षं सेवा करून ५८ला निवृत्त होणाऱ्याच्या सेवेत २ वर्षं वाढवून धरतात, पण लवकर बाहेर पडणाऱ्याने ती हिशेबात धरू नयेत. मिळाली तर चांगलंच. जास्त पगारावर पेन्शन घेण्याचा पर्याय ज्यांनी दिला आणि मंजूर झाला, त्यांचं गणित वेगळं आणि बरंच मोठं असतं.

तिसरा रकाना कायम शून्य असेल तर? १ सप्टेंबर २०१४नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलात आणि तेव्हाच बेसिक १५,०००च्या वर होतं, तर तुम्ही ईपीएसचे सभासदच नाही. कंपनीचा सगळा हिस्सा पीएफमध्ये गेला आहे. तुमच्यापुरता "पेन्शन कधी घेऊ" हा प्रश्न मिटला.

आता सेवा-इतिहास बघा. पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते. ती एकाच कंपनीतली असायला हवी असं नाही, पण जुनी खाती सध्याच्या खात्यात ट्रान्सफर झालेली असली पाहिजेत. पूर्वी एखादी नोकरी सोडताना फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेतले असतील, तर ती वर्षं गेली. ९ वर्षं आणि काही महिने झाले असतील तर मी हात जोडून सांगेन, दहा पूर्ण होईपर्यंत राजीनामा देऊ नका.

माझ्या चार नोकऱ्यांपैकी दुसऱ्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच भरली नव्हती. त्यामुळे नोंदीत मी त्या कंपनीत अजूनही कामाला होते आणि तिसऱ्या कंपनीतही. दोन नोकऱ्या एकमेकींवर चढल्या होत्या आणि ट्रान्सफर अडकला होता. शिवाय पहिल्या नोकरीत माहेरचं आडनाव, पुढे सासरचं. नाव आधारप्रमाणे करायला तेव्हा संयुक्त घोषणापत्र लागायचं आणि त्यावर कंपनीची मान्यता लागायची. मी तेव्हा नोकरीत होते, एचआरमधली मुलगी समोर बसत होती, म्हणून ते झालं. नोकरी सोडल्यावर त्याच कामासाठी किती फोन करावे लागले असते याचा विचार आजही नकोसा वाटतो. सोडल्याची तारीख शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी सभासदाला स्वतः पोर्टलवर भरता येते, एवढी सोय आता आहे. नाव, जन्मतारीख, वडिलांचं किंवा पतीचं नाव हे सगळं मात्र राजीनाम्याच्या आधीच जुळवून घ्या.

त्याच बैठकीत ई-नॉमिनेशन, म्हणजे तुमच्यामागे पैसे कोणाला द्यायचे याची ऑनलाइन नोंद, तपासा. लग्नाआधी आई-वडिलांच्या नावाने केलेलं पीएफचं नामांकन लग्नानंतर ग्राह्य राहत नाही, हे पंचवीस वर्षं नोकरी केलेल्यांनाही माहीत नसतं.

पायरी २ : वर्षाचा खर्च, अंदाजाने नाही

अंदाज नेहमी कमी निघतो. बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि क्रेडिट कार्डाची बिलं घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करा: टाळता न येणारा खर्च, आवडीचा खर्च, आणि वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणारा. तिसरा गट सगळ्यांना फसवतो. विम्याचे हप्ते, घराची दुरुस्ती, दातांचा खर्च, मोबाइल, लॅपटॉप. महिन्याच्या बजेटमध्ये हे कुठेच नसतं आणि तरी दरवर्षी येतंच.

आलेल्या आकड्याला महागाई लावा. ७२ला महागाईच्या दराने भागलं की खर्च किती वर्षांत दुप्पट होईल ते कळतं. ६ टक्के धरले तर १२ वर्षं. आज पन्नाशीत महिना ४०,००० लागत असतील, तर ६२व्या वर्षी ८०,००० आणि ७४व्या वर्षी १,६०,००० लागतील. आता पायरी १मधले ३,७५० त्याच्या शेजारी लिहा. ईपीएसला महागाई भत्ता जोडलेला नाही, सुरू झालेली रक्कम तशीच राहते. म्हणून या पेन्शनकडे आधार म्हणून बघा, भरवसा तिच्यावर ठेवू नका. लवकर निवृत्ती तुमच्या साठवलेल्या पैशावर चालणार आहे.

किती साठवलेलं पुरेसं? विल्यम बेन्गन या अमेरिकी सल्लागाराने १९९४मध्ये मांडलेला "४ टक्क्यांचा नियम" बराच सांगितला जातो: पहिल्या वर्षी साठ्याच्या ४ टक्के काढा आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्या. पण तो अमेरिकेतल्या बाजाराच्या आकड्यांवर आणि ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी काढलेला होता. पन्नाशीत सोडणाऱ्यापुढे ४० वर्षं असू शकतात. मी स्वतःसाठी ३ टक्के धरले, म्हणजे वार्षिक खर्चाच्या ३३ पट. गृहकर्ज बाकी असेल तर ते या साठ्यातून वजा करूनच बघा.

पायरी ३ : आरोग्यविमा राजीनाम्याच्या आधी

ही पायरी छोटी आहे, पण चुकली तर सगळ्यात महाग पडते. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर संपतो. पन्नाशीत नवीन पॉलिसी घेताना मधुमेह, रक्तदाब असे आधीपासूनचे आजार लगेच कव्हर होत नाहीत. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. हा थांबण्याचा काळ नोकरीत असतानाच संपवा. सोडायच्या किमान तीन वर्षं आधी स्वतःची पॉलिसी घ्या आणि आजार लपवू नका. तेवढा वेळ हातात नसेल, तर ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. ते कसं करायचं हे शेवटच्या दिवसाच्या बरंच आधी एचआर आणि विमा कंपनी दोघांना लेखी विचारा.

पीएफबरोबर येणारा ईडीएलआयचा जीवनविमाही नोकरी सुटली की थांबतो. कोणी तुमच्यावर अवलंबून असेल तर टर्म पॉलिसी आधीच हवी.

पायरी ४ : तारीख निवडा

नोकरी सोडताना येणाऱ्या रकमा एकाच आर्थिक वर्षाच्या उत्पन्नात पडतात. फेब्रुवारीत सोडलं तर अकरा महिन्यांचा पगार आणि करपात्र रकमा एकत्र येतात. तेच सगळं एप्रिलनंतर हातात आलं, तर त्या नव्या वर्षात पगार जवळजवळ नसतो आणि कर बराच कमी बसतो. दोन महिने थांबणं जमत असेल तर थांबा.

कोणत्या रकमा? ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते. शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. ५२,००० बेसिक आणि २० वर्षं असतील तर बरोबर ६ लाख. खासगी नोकरीत २० लाखांपर्यंतची ग्रॅच्युइटी करमुक्त असू शकते. रजेच्या पैशांना आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंत सूट आहे. कंपनीने स्वेच्छानिवृत्ती योजना जाहीर केली असेल आणि ती नियमात बसत असेल, तर त्या भरपाईतले ५ लाखांपर्यंत करमुक्त, तेही आयुष्यात एकदाच. म्हणूनच कंपनी योजना आणणार असल्याची कुणकुण असेल, तर साधा राजीनामा देण्याची घाई करू नये.

पायरी ५ : पीएफ लगेच काढू नका

कंपनीचा शेवटचा हिशेब, म्हणजे फुल अँड फायनल, झालं की पीएफ काढायचा अर्ज भरायचाच, अशी एक रीत पडून गेली आहे. थांबा. ५५च्या आत नोकरी सोडली, तर भरणा बंद झाला तरी खात्यावर ५८ वर्षं पूर्ण होईपर्यंत व्याज मिळत राहतं. २०२४-२५चा दर ८.२५ टक्के होता. इतकी सुरक्षित जागा या दराने दुसरीकडे सहज मिळत नाही. ५५नंतर निवृत्त झालात तर मात्र ३६ महिन्यांत अर्ज करा, नाहीतर खातं निष्क्रिय होऊन व्याज थांबतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर पीएफची रक्कम करमुक्त असते, पण नोकरी सोडल्याच्या तारखेनंतर जमा झालेलं व्याज करपात्र आहे. ते दरवर्षी रिटर्नमध्ये दाखवा. तुमचं बाकी उत्पन्न कमी असेल तर कर फारसा बसणारही नाही.

पीएफ काढायचा ठरला तरी पेन्शनचं टोक वेगळं ठेवा. पैसे काढायला फॉर्म १९. त्याच वेळी फॉर्म १०सी भरून, पेन्शनचे पैसे न मागता, "स्कीम सर्टिफिकेट" मागा. तुमची पेन्शनपात्र सेवा आणि कुटुंबाचे तपशील त्यात नोंदलेले असतात. नोकरी नसताना मृत्यू झाला तरी त्याच्या आधारे जोडीदाराला पेन्शन मागता येते. हा कागद घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवून ठेवा.

एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) असेल तर तीही नोकरी सुटली म्हणून बंद करावी लागत नाही. मुदतीआधी बाहेर पडल्यास जमा रकमेचा मोठा हिस्सा अॅन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीकडून विकत घ्याव्या लागणाऱ्या पेन्शनमध्ये, अडकतो, म्हणून तिला तशीच चालू राहू द्या.

पायरी ६ : मधली वर्षं

सगळ्यात नाजूक काळ हाच. पगार थांबलेला, पेन्शन सुरू नाही आणि ज्येष्ठांच्या योजनांचं वय झालेलं नाही.

या काळातला खरा धोका म्हणजे सुरुवातीलाच बाजार पडणं. १ कोटी होते, वर्षाच्या खर्चाला ५ लाख काढले, उरलेले ९५ लाख ३० टक्के पडले. आता ६६.५ लाख आहेत. पुन्हा १ कोटी व्हायला जवळजवळ ५० टक्के वाढ लागेल आणि मधे खर्चासाठी काढणं चालूच आहे. हीच पडझड पंधरा वर्षांनी आली असती तर इतकी लागली नसती. म्हणून पहिल्या तीन-चार वर्षांचा खर्च शेअर बाजारापासून पूर्ण दूर ठेवा: एफडी, लिक्विड फंड, पोस्टाची मासिक प्राप्ती योजना. मासिक योजनेत एकट्याच्या नावाने ९ लाख आणि जोडखात्यात १५ लाखांपर्यंत ठेवता येतात. एफडी एकाच बँकेत नको, ठेवींचा विमा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंतच आहे. त्यापुढच्या दहाएक वर्षांचे पैसे पीएफ, पीपीएफ, रोखे यांत आणि त्याहून लांबचे इक्विटी फंडात. इक्विटी अजिबात नको असं म्हणणाऱ्यांना मी पायरी २मधला ७४व्या वर्षाचा आकडा परत वाचायला सांगते.

वय ५५च्या पुढे असेल तर आणखी एक दार उघडं आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी साठीनंतर मिळते, पण ५५ ते ६० दरम्यान निवृत्त झालेल्याला निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्या रकमेपुरतं खातं उघडता येतं. कमाल ३० लाख, मुदत पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला. २०२५मध्ये दर ८.२ टक्के होता. त्यासाठी निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमांचा कंपनीचा दाखला लागतो. तो शेवटच्या दिवशीच मागून घ्या.

पायरी ७ : आता पेन्शन

नियम सरळ आहे. ईपीएसची पूर्ण पेन्शन ५८ला. ५०नंतर लवकर घेता येते, पण ५८ला जितकी वर्षं कमी तितकी दर वर्षामागे ४ टक्के कपात. ५८नंतर ६०पर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढ.

वरच्याच उदाहरणातलं माणूस घेऊ. ५३व्या वर्षी घेतली तर ३,७५०ऐवजी सुमारे ३,००० मिळतील. ५८पर्यंतच्या ६० महिन्यांत ते १,८०,००० होतात. थांबलं तर पुढे दरमहा ७५० जास्त. ही १,८०,०००ची तूट भरून यायला २४० महिने, म्हणजे वय ७८ उजाडतं. रक्कम महागाईने वाढत नाही, हे धरलं तर लवकर घेण्याची बाजू आणखी जड होते. नुसत्या आकड्यांवर लवकर घेणं वेडेपणाचं नाही, हे मी मोकळेपणाने सांगते.

तरीही मी ५३व्या वर्षी अर्ज केला नाही. कारण पहिल्या दोन-तीन वर्षांत माणूस पुन्हा नोकरीला लागण्याची शक्यता खरीखुरी असते. पेन्शन सुरू केली नसेल, तर नव्या नोकरीतली वर्षं आधीच्या सेवेत मिळवता येतात. सुरू केली की हा रस्ता बंद. आणि थांबण्याने काही बुडत नाही, उलट दरवर्षी कपात ४ टक्क्यांनी कमी होत जाते. ५५ला विचार केला तर कपात १२ टक्क्यांच्या आसपासच उरते. तोवर कळलेलं असतं की पुन्हा नोकरी करायची आहे की नाही, खर्च बसतो की नाही, तब्येत कशी आहे. गंभीर आजार असेल किंवा रोजच्या खर्चाला दुसरा आधारच नसेल, तर मात्र थांबण्याचा हट्ट धरू नका. पेन्शनर गेल्यावर जोडीदाराला साधारण निम्मी पेन्शन मिळते आणि २५ वर्षांखालच्या दोन मुलांपर्यंत प्रत्येकी जोडीदाराच्या त्या पेन्शनच्या २५ टक्के. हा हिशेब दोघांनी एकत्र बसून करा.

ठरलं की फॉर्म १०डी. सोबत स्कीम सर्टिफिकेट, जोडीदारासोबतचा फोटो, आधार आणि बँक खात्याचा तपशील. जानेवारी २०२५पासून पेन्शन कोणत्याही बँकेच्या शाखेतून घेता येते, म्हणून नवं खातं उघडायची गरज नाही. पेन्शन सुरू झाल्यावर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. ईपीएससाठी तो नोव्हेंबरमध्येच द्यायला हवा असं नाही. ज्या तारखेला द्याल तिथून बारा महिने चालतो, आणि मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनही देता येतो.